फक्त घरगुती वापरासाठी

“तारीख पाह्यली काय?”

कंप्युटर बंद पडो, हळू चालो, किंवा नुसता रोजच्यापेक्षा जास्त घरघर करो, आमच्या कॉलेजच्या कंप्युटरवाल्या भाऊंचा पहिला प्रश्न हाच. तक्रार सांगणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. चष्मा कपाळावर चढवायचा, स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट टेकवायचं आणि चोर पकडल्यासारखं वळून बघायचं. त्या कोपऱ्यावर त्यांच्या बोटाचा ठसा कायमचा. मी ओढणीनं पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

तुम्ही कुठल्याही शाळा-कॉलेजात, पतपेढीत, सरकारी कचेरीत काम केलं असेल, तर असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. हजेरीपटावर त्याचं नाव सगळ्यात खाली असतं, आणि सकाळी सगळ्यात आधी त्यालाच हाका पडतात.

मी अमरावतीच्या त्या कॉलेजात कार्यालय अधीक्षक. भाऊ आमच्याकडे कंत्राटी संगणक सहायक. राहायला अकोल्याला. रोज गाडीनं बडनेऱ्यापर्यंत, तिथून ऑटोनं कॉलेज. अकोल्याच्या बाहेर त्यांच्या घरची थोडी जमीन, तिच्यात झेंडू आणि शेवंती, आणि बाजारात फुलांचं दुकान. त्या घरात कंप्युटर शिकलेले हे पहिले. ते आम्हाला दिवसातून एकदा तरी आठवण करून देत.

माणूस गरीब स्वभावाचा होता असं मी म्हणणार नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, कानामागे अत्तर, गळ्यात दोरीला लटकवलेला पेन ड्राइव्ह. तो पेन ड्राइव्ह मिरवण्यासाठीच होता, दुसऱ्या कुणाला हात लावायची मुभा नव्हती. प्राध्यापकांशी बोलताना तर त्यांची जीभ मोकाट सुटे.

“सर, हा पेन ड्राइव्ह कुठंकुठं घालून आनता जी? मॅडमचे साड्यांचे फोटो याच्यात, पोराचा पिच्चर याच्यात, अन् परीक्षेचा पेपरही याच्यातच! आमच्या मशीनले ताप नाई येईन तं काय येईन?”

सर लाल व्हायचे. माझ्याकडे तक्रार यायची. मी भाऊंना बोलवायची.

“भाऊ, जरा नीट बोलत जा.”

“नीटच बोललो. मॅडमचं नाव नाई घेतलं.”

आता ते तारखेचं प्रकरण सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच येतं. आमच्या लॅबमधली मशीनं जुनी. आत एक शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो. तो मेला की मशीनला काल-आजचं काही आठवत नाही. वीज गेली आणि परत आली की मशीन आजची तारीख सोडून थेट स्वतःच्या जन्मसालात, एक जानेवारीला जाऊन बसतं. अशा मशीनवरचं अँटीव्हायरस इंटरनेटवर नवं अपडेट मागायला गेलं, की पलीकडून नकार येतो, कारण तुमची तारीखच खोटी. मग पिवळा त्रिकोण, आणि ‘अपडेट होऊ शकले नाही’. हे मला भाऊंनी शिकवलं नाही. ते माझ्यावर ओरडले, त्यातून कळलं.

“मग सेल बदला ना,” मी म्हटलं.

“बदलतो ना जी. तीन कोटेशन कोन मांगते? तुमीच मांगता.”

खरं होतं. संस्थेच्या नियमानं कुठल्याही खरेदीला तीन दुकानांची कोटेशनं लागत. सेल मिळतो घड्याळवाल्याच्या टपरीवर. घड्याळवाला कोटेशन देत नाही, तो हसतो. म्हणून भाऊ रोज सकाळी खुर्ची ओढत एकेका मशीनपाशी जाऊन हातानं तारीख घालत. पोरांना दात घासायला लावावं तसं. त्यातून सुट्टी लागली की प्राचार्यांच्या हुकमावरून अख्ख्या इमारतीचा मेन स्विच खाली ओढला जाई. कधी काळी एका खोलीत तार जळाली होती, तेव्हापासूनची रीत. दिवाळीची सुट्टी संपवून आलं की सगळी लॅब एका रांगेत जन्मसालात बसलेली असे.

“आले पाहा समदे मायच्या पोटात जाऊन,” भाऊ म्हणत आणि बाह्या वर करत.

अँटीव्हायरस फुकटचं. विकतचं घ्या म्हणून भाऊंनी अर्ज दिला होता, तो मी वर पाठवला होता, आणि वरून शेरा आला होता, ‘तूर्त आहे त्यात भागवावे’. भाऊंनी भागवलं. आणि भागवता भागवता त्यांना त्या फुकटच्या वस्तूचा अभिमान वाटू लागला. हेच त्यांचं बिघडलं, असं मला वाटतं. एखादी बाई जुनं लुगडं दंड घालून इतकं झकास नेसते, की घरच्यांना वाटतं हिला नवं लागतच नाही.

ते फुकटचं प्रकरण काही गरीब गाय नव्हतं. काम करताना मध्येच खिडकी उघडे, ‘आता विकत घ्या’ म्हणे. वर्षातून एकदा पुन्हा नोंदणी मागे. भाऊ तिच्याशी बोलत.

“फुकटची हाय ना, म्हनून नखरे. पैसे देल्ले असते तं गुमान बसली असती कोपऱ्यात.”

एकदा तिनं आमचं मराठी टायपिंगच व्हायरस समजून कोंडून ठेवलं. प्राचार्यांचं विद्यापीठाला जाणारं पत्र उघडलं तर नुसते चौकोन आणि तुटक्या काड्या. प्राचार्य धावत माझ्याकडे, मी भाऊंकडे.

“काय झालं भाऊ?”

“मराठीले अटक झाली.”

“अहो, पत्र आज जायचंय!”

“मंग काय, जामिनावर सोडवून आनतो. दोन मिन्टं थांबा.”

सोडवून आणली. पण त्यांचं सगळंच बरोबर येई असं नाही. एकदा जास्तीचं संरक्षण म्हणून त्यांनी एकाच मशीनवर दोन फुकटची अँटीव्हायरसं बसवली. दोन्ही एकमेकांनाच चोर समजून भिडली, आणि त्यात पगाराचं बिल अडकलं. त्या दिवशी मी त्यांना असं झापलं की ते डबा न खाता खाली झाडाखाली जाऊन बसले. संध्याकाळी गाडीच्या वेळेला दारात येऊन म्हणाले, “दोन जावा एका सैपाकघरात नाई ठेवाच्या, हे माह्या ध्यानात नाई आलं.” माफी मागायची त्यांची ही पद्धत.

दर वेळी ते सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं की एक लांबलचक करार समोर येई. त्यात वर ठळक लिहिलेलं असे, की हे फक्त घरगुती वापरासाठी आहे. भाऊ तो मोठ्यानं वाचत आणि मोठ्यानंच बटण दाबत.

“मान्य हाय, मान्य हाय. न मानून सांगू कोनाले?”

मी एकदा विचारलं, “भाऊ, घरगुती म्हणतंय. आपल्याला चालतं का हे?”

“काहून नाई चालत? सचिव साहेब काय म्हनते दर स्नेहसंमेलनात? ‘ही संस्था नाही, हे आपलं घर आहे.’ मंग घरगुतीच झालं ना?”

आमचे सचिव खरंच असं म्हणत. पगार उशिरा झाला की हमखास म्हणत. आम्ही जुने लोक त्या वाक्याला टाळ्या वाजवत होतो, पण कुणी ते घरी नेत नव्हतं. भाऊंनी नेलं.

दसऱ्याच्या आधल्या दिवशी खंडेनवमीची पूजा. आमच्याकडे प्रयोगशाळेतल्या तराजूपासून शिपायांच्या सायकलीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. भाऊ त्या दिवशी अकोल्याहून झेंडूचं पोतं घेऊन गाडीत चढत. हार घरूनच ओवून आणलेले, प्रत्येक मॉनिटरच्या मापाचे. कीबोर्डवर कुणी कुंकू टाकू लागलं की हात धरत.

“वरून लावा, वरून. आत भुकटी गेली तं देव नाई येत साफ कराले, मले या लागते.”

पूजा झाली की मशीनं बंद. “आज त्याहिले सुट्टी,” म्हणून स्वतः लॅबच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. प्राचार्य आले तरी उघडत नसत. एरवी चिडखोर असलेला तो माणूस त्या दिवशी यजमानासारखा सगळ्यांना पेढे देई. लॅब त्याची होती. कागदावर सोडून सगळीकडे.

आणि कागदाचीच वाट ते पाहत होते. त्यांचं दुसरं पालुपद होतं, “ऑर्डर निघाली की.” ऑर्डर निघाली की अमरावतीत खोली करतो. ऑर्डर निघाली की पोरीचं नाव इथल्या शाळेत घालतो. ऑर्डर निघाली की हा बडनेऱ्याचा ऑटो सुटते. वलगाव रोडवर त्यांनी दोन खोल्यांचं घर बघूनही ठेवलं होतं. घरमालकाला दर सणाला अकोल्याची फुलं पोचत होती, घर दुसऱ्याला देऊ नये म्हणून.

शेवटी जागा मंजूर झाली. एकच जागा, कायम. जाहिरात निघाली, मुलाखतीची तारीख लागली. आदल्या दिवशी मी भाऊंना माझ्या टेबलापाशी बसवलं.

“उद्या कमी बोला. विचारलं तेवढंच सांगा.”

“मॅडम, इतके वर्सं मी याहिची लॅब चालवली. मले काय विचारतीन?”

“म्हणूनच सांगते. कमी बोला.”

“हो जी,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून आले. पेन ड्राइव्ह मात्र गळ्यात होताच.

कागद पुढे करायला मी मुलाखतीच्या खोलीत होते. मधे सचिव, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेले तज्ज्ञ. सुरुवात बरी झाली. मग तज्ज्ञांनी विचारलं, लॅबच्या सुरक्षेसाठी काय व्यवस्था आहे. एवढंच. ‘अँटीव्हायरस आहे, रोज अपडेट करतो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. हा त्यांचा आवडता विषय होता.

“साहेब, संस्थेचा एक पैसा खर्च नाई होऊ देल्ला मी. समदं फुकटच्या अँटीव्हायरसवर चालवलं. कोनी नाई चालवून दाखवत असं.”

तज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. “फुकटचं म्हणजे? ते फक्त घरगुती वापरासाठी असतं ना?”

भाऊ हसले. त्यांना वाटलं, आता तर जिंकलोच. सचिवांकडे हात करून म्हणाले, “साहेबच म्हनते ना जी, हे आपलं घर हाय.”

प्राचार्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवायला घेतला. सचिव अगदी शांतपणे म्हणाले, “ही संस्था आहे. घर नाही. उद्या कंपनीची नोटीस आली तर उत्तर कोण देणार?”

“पन मी अर्ज देल्ला होता, विकतचं घ्या म्हनून. मॅडमले विचारा.”

मी म्हटलं, “दिला होता. ‘आहे त्यात भागवावे’ असा शेरा आहे. फाइल आणू?”

“आत्ता गरज नाही,” सचिव म्हणाले.

निवड झाली सचिवांच्या गावच्या एका मुलाची. भाऊंच्या नावापुढे लिहिलं गेलं, ‘परवान्याच्या अटींचे उल्लंघन करून संस्थेस जोखमीत टाकले’. हे वाक्य सचिवांनी प्राचार्यांच्या खोलीत, प्राचार्यांच्या कंप्युटरवर टाइप करून घेतलं. टाइप चालू असताना कोपऱ्यात त्या फुकटच्या अँटीव्हायरसची खिडकी उघडली आणि म्हणाली, तुमचा कंप्युटर सुरक्षित आहे. सकाळीच भाऊंनी अपडेट केला होता. मुलाखतीला जाण्याआधी.

कंत्राट पुढे वाढवलं नाही. कायमचा माणूस आल्यावर कंत्राटी कशाला, हे तर्काला धरूनच होतं. आमच्याकडे अन्याय नेहमी तर्काला धरून होतो. मी प्राचार्यांशी भांडले. ते म्हणाले, “माझ्या हातात काय आहे?” त्यांच्या हातात तेव्हा चहाचा कप होता.

शेवटच्या दिवशी भाऊ चार्ज द्यायला माझ्यासमोर उभे राहिले. मी म्हटलं, “काय काय देताय, ते सांगा.”

“काय देऊ? समदं फुकटचंच हाय.” पुढे म्हणाले, “मी बी.”

मी रडणारी बाई नाही. मी लॅबची किल्ली घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. गाडीची वेळ झाली म्हणाले. झाली नव्हती.

पुढच्या दसऱ्याआधी मी बहिणीकडे अकोल्याला गेले होते. फुलांच्या बाजारात झेंडूच्या ढिगामागे भाऊ बसलेले दिसले. मांडीवर सुतळीचा गुंडा, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला, गळ्यात पेन ड्राइव्ह नाही. शर्ट तसाच कडक इस्त्रीचा, पण आता त्यावर पिवळे डाग होते.

“भाऊ, कसं चाललंय?”

“फुलं विकून राहिलो. बरं हाय. याले अपडेट नाई लागत.”

“वलगाव रोडचं घर?”

“थे गेलं. घरमालक लय भला मानूस. यंदाही फुलं पोचवली मी. आता सवय लागली न् त्याले.”

मी हारांची किंमत विचारली. ते किंमत सांगेनात आणि मी फुकट घेईना. बराच वेळ आमची तिथे तणातणी झाली. शेवटी त्यांच्या बायकोनं पैसे घेतले, माझ्याकडे न बघता. हार मॉनिटरच्या मापाचे होते. मी माप सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत रीतीप्रमाणे मेन स्विच खाली गेला. भाऊ गेल्यापासून पिवळे त्रिकोण दिसत होते, पण फुकटचंच म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं; आता सुट्टीच्या तोंडावर संस्थेनं विकतचं अँटीव्हायरस घेतलं होतं, कोटेशनं मागवून, रीतसर. सुट्टी संपली, नव्या मुलानं लॅब उघडली, आणि एकाही मशीनवर ते अपडेट होईना. त्यानं काढून पुन्हा बसवलं. इंटरनेटवाल्याला बोलावलं. अँटीव्हायरसच्या कंपनीला फोन लावला, तिथे गाणं वाजत राहिलं. ऑनलाइन परीक्षा तोंडावर आलेली. तिसऱ्या दिवशी प्राचार्य माझ्या टेबलापाशी आले.

“मॅडम, त्या आपल्या भाऊंना जरा फोन लावता का? एक चक्कर मारून जा म्हणावं.”

“कशाबद्दल, सर? कंत्राटावर? मानधन काय सांगू?”

“अहो मानधन कसलं, एका दिवसाचं काम. घरचाच माणूस आहे तो.”

 त्यांना आपण काय बोललो ते खरंच कळलं नव्हतं. कळून बोलले असते तर मला एवढा राग आला नसता.

मी फोन घेऊन लॅबमध्ये गेले, दाराजवळच्या मशीनपुढे बसले आणि लावला. भाऊंनी उचलला. मागे बाजाराचा कालवा, कुणीतरी शेवंतीचा भाव ओरडत होतं.

“भाऊ, मी बोलतेय. लॅबमधलं अँटीव्हायरस...”

“फुकटचं की विकतचं?”

“विकतचं.”

 मग तोच आवाज आला, माझं वाक्य पुरं होऊ न देणारा.

“तारीख पाह्यली काय?”

आणि फोन ठेवला.

मी स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. काच स्वच्छ होती. एक जानेवारी. साल त्या मशीनच्या जन्माचं, भाऊ आमच्याकडे रुजू होण्याच्या कितीतरी आधीचं. पलीकडचंही तसंच, त्याच्या पलीकडचंही. वर मॉनिटरवर दसऱ्याचे हार अजून तसेच होते, वाळून काळे पडलेले. कुणी काढले नव्हते.

प्राचार्य दारात येऊन उभे राहिले.

“काय म्हणतो? येतो का?”

“सर, या मशीनच्या हिशेबानं तो माणूस आपल्याकडे अजून आलेलाच नाही.”

त्यांनी मान डोलावली.

“बरं. मग कधी येतो म्हणाला?”